सतरा मजलीवर प्राईडचा झेंडा: लावावा की आधी काम द्यावं?

समजा, जळगाव पालिकेच्या महासभेत उद्या विषय आला: जूनमध्ये सतरा मजलीवर, म्हणजे पालिकेच्या इमारतीवर, प्राईडचा (समलिंगी, तृतीयपंथी अशा एलजीबीटी लोकांचा) झेंडा लावायचा. हात वर करायचा की नाही? भाऊ, ताई, आधी दोन्ही वाटा, एक झेंड्याची आणि एक तृतीयपंथीयांना काम देण्याची, शेजारी ठेवून बघा.

झेंड्याला खर्च म्हणाल तर चहापाण्याइतका. सगळे त्याला सप्तरंगी म्हणतात, पण पट्टे सहाच. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकरने तो केला तेव्हा आठ होते. खरी अडचण काठीची. ध्वजसंहितेप्रमाणे तिरंग्याच्या काठीवर दुसरा झेंडा चढत नाही, त्याहून उंच नाही, बरोबरीने शेजारीही नाही. म्हणजे काठी वेगळी आणि जागाही वेगळी.

दुसरी अडचण तासाभरात दारात येईल: "मंग आमना बी लावा!" हे बोस्टनला महागात पडलं. २००५ ते २०१७ मध्ये तिथल्या पालिकेने बाहेरच्यांना २८४ वेळा झेंडे चढवू दिले, कुणाला नाही म्हटलं नाही. मग एका ख्रिस्ती गटालाच नकार दिला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार एकमताने चुकीचा ठरवला. काठी सगळ्यांना खुली ठेवली, की तो पालिकेचा स्वतःचा आवाज राहत नाही. कायदा तिकडचा, पण धडा आपल्यालाही लागू. अमेरिकेतल्याच हॅमट्रॅम्क शहराने २०२३ मध्ये उलटी वाट धरली. ठराविक झेंडे सोडून पालिकेच्या जागेवर बाकी सगळे बंद.

कामाची वाट वेगळी. पिंपरी-चिंचवड पालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल (शहरात घाण करणाऱ्यांवर लक्ष ठेवणारे) म्हणून घेतलं. महिन्याला हातात पैसे आले, गेटवर उभं राहायला गणवेश आला. यात उपकार नाहीत. तृतीयपंथीयांना वेगळी स्वच्छतागृहं द्या, हे तर सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात २०१४ लाच सांगितलंय. खान्देशाला विषय परकाही नाही. २०२४ ला रावेरमधून वंचितने तृतीयपंथी कार्यकर्त्या शमिभा पाटील यांना विधानसभेचं तिकीट दिलं होतं.

एवढं वाचून वाटेल, झेंडा राहू द्या, नोकऱ्या द्या. माझंही तसंच मत होतं. पण नोकरी पोचते ती गावाला आधीच दिसणाऱ्यांपर्यंत. चोपड्याहून एसटीने कॉलेजला येणारा, आपण समलिंगी आहोत हे घरी एका अक्षराने न बोललेला मुलगा त्या यादीत कुठेच नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कचाट्यातून तो सुटला, पण हे त्याच्याशी बोलायचं कुणी? त्याच्यासाठी पालिकेकडे झेंड्याशिवाय दुसरं काही नाही. (इमारतीवर रंगीत दिवे सोडायचा पर्याय मी धरतच नाही, ते गणपतीतही सोडतात.)

म्हणून मी हात वर करीन, ठरावात दुरुस्ती घालून: झेंडा पालिकेचाच, एकच दिवस, फाटकाजवळच्या वेगळ्या काठीवर, आणि त्याच ठरावात मानधनाच्या चार जागा. जागा गाळल्या तर हात खाली.

आणि शिपाईनानांना आधी सांगून ठेवा. जूनच्या वादळात इथे केळीची पानं चिंध्या होतात. संध्याकाळी झेंडा उतरवून घडी घालायची.