ओम्नीच्या ॲक्सलवर मागे डिस्क ब्रेक: सात महिने वापरून झाल्यावर, आणि हँडब्रेकबद्दल बरंच काही

हँडब्रेक आधी ठरवा, मगच डिस्कला हात लावा. जून ते डिसेंबर वापर झाल्यावर सांगण्यासारखं हे एकच मोठं, बाकीचं जमून जातं.

गाडी घरी बांधलेली, पाइपच्या सांगाड्याची. ७९६ सीसी इंजिन आणि मागचा अख्खा ॲक्सल मारुती ओम्नीचा. रस्त्यावर न्यायची नाही, ट्रेलरवरून पनवेलपलीकडच्या खासगी जमिनीवर. पुढचा आणि मागचा मास्टर सिलिंडर (पॅडलच्या जोरावर ब्रेक ऑइल ढकलणारा) वेगळा, मध्ये बॅलन्स बार, म्हणजे पायाचा जोर पुढे-मागे वाटणारी दांडी.

ड्रम काढायचं कारण पावसाळा. ड्रममध्ये चिखल शिरतो, पण बाहेर पडायला वाट नसते. मुरमाचा गाळ लायनर (ब्रेक शूवरचा घासणारा थर) आणि ड्रमच्या मध्ये दळला जातो आणि दोन्ही खातो. पाण्यातून वर आल्यावर ब्रेक धरायलाही वेळ लागतो. डिस्क उघडी असते, पॅडच तिला पुसून काढतात. या एका बाबतीत पैसे पहिल्याच पावसात वसूल झाले.

कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ॲक्सलला धरणाऱ्या ब्रॅकेटसाठी १० मिमी एमएस (साध्या लोखंडाची) प्लेट कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून आणून रबाळे एमआयडीसीत लेझर कट केली. कॅलिपर हॅचबॅकच्या पुढच्या चाकाचे, एका पिस्टनचे, ४८ मिमी. जुने घेतले तरी चालतात, पण सील किट आणि रबरी बूट नवेच टाका. तिथे वाचवलेला रुपया पॅडवर दुप्पट जातो.

लोक चुकतात ते बॅकिंग प्लेट (ड्रमच्या मागचा पत्रा) काढल्यावर. तिचेच बोल्ट ॲक्सलच्या दांडीचं बेअरिंग दाबून धरतात. पातळ पत्र्याच्या जागी १० मिमी प्लेट आली की बोल्ट आखूड पडतात आणि बेअरिंगवरचा दाबही बदलतो. त्यामुळे आधी पत्र्याची जाडी मोजा, बेअरिंगवरचा दाब पूर्वीइतकाच राहील एवढा ब्रॅकेटला मागून खाचा द्या आणि बोल्ट लांब घ्या, ८.८ ग्रेडचेच. दांडी बाहेर आलीच आहे तर ऑइल सील बदलून टाका. गिअर ऑइल पॅडवर आलं तर ते पॅड फेकायचेच, धुऊन उपयोग नाही. डिस्क बसल्यावर ती किती डगमगते ते मोजायला डायल गेज लावा. डगमग ०.१ मिमीच्या आत हवी. जास्त असेल तर आधी डिस्क ज्यावर बसते त्या फ्लॅंजवरचा गंज साफ करा, लेथवाल्याकडे नंतर जा.

कॅलिपर तरंगता असतो, म्हणजे ब्रेक दाबताना पिनांवर सरकतो. त्याला थेट लोखंडी पाइप जोडला तर पाइप तडकतो, म्हणून प्रत्येक कॅलिपरला छोटा रबरी होज हवाच. एअर काढायचा निपल वरच्या बाजूला आला पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली जातो आणि कितीही एअर काढली तरी पॅडल स्पंजासारखं राहतं. ब्रॅकेटमुळे नाइलाजच असेल तर कॅलिपर सोडवा, पॅडमध्ये लाकडाचा ठोकळा धरा, निपल वर करून एअर काढा आणि परत बसवा. मास्टर मूळचा ड्रमचा असेल तर त्याच्या तोंडाशी प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह आहे का ते बघा. तो राहिला तर पॅड सुटत नाहीत, डिस्क तापत राहते. ब्रेक ऑइल डॉट ४ घ्या. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर किमान १५५. आपल्याकडच्या दमट हवेत दरवर्षी बदला.

आता पॅडल. पहिले दोन महिने माझं ठाम मत होतं की पॅड हलक्या प्रतीचे आहेत, कारण पाय तुटेपर्यंत दाबावं लागायचं. पॅड बदलले, फरक शून्य. दोष पॅडचा नव्हताच. ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्याने स्वतःच आत ओढला जातो, ती फुकटची मदत डिस्कला मिळत नाही, आणि इथे पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो नाही. मागचा मास्टर पाऊण इंची, १९.०५ मिमी होता, तो १५.८७ मिमीचा केला. तेवढ्याच पायाला प्रेशर १.४४ पट झालं. दोन्ही कॅलिपरचा पिस्टन ०.४ मिमी सरकतो आणि पॅडलचं प्रमाण ५:१ असं धरलं, तर पॅडलची चाल २५ मिमीवरून ३७ वर जाते. ही चाल परवडते. पण मागचा ब्रेक तेवढाच जोरदार होतो, उतारावर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी होते, म्हणून बॅलन्स बार पुढच्या ब्रेककडे सरकवावाच लागतो.

आतला पॅड बाहेरच्यापेक्षा लवकर संपला तर सरकत्या पिना अडकल्या आहेत असं समजा. पावसाळ्यात दर महिन्याला काढून पुसा. सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

आणि हँडब्रेक. ड्रम गेला की केबलचा हँडब्रेकही जातो, आणि या कॅलिपरना तो नसतो. लाइन लॉकवर (पाइपमध्ये प्रेशर अडकवून ठेवणाऱ्या व्हॉल्व्हवर) गाडी उभी ठेवू नका, ऑइल थंड झालं की प्रेशर उतरतं. स्वस्तातला मार्ग म्हणून पिनियनच्या (डिफरन्शियलमध्ये इंजिनाकडची ताकद आणणाऱ्या छोट्या गिअरच्या) फ्लॅंजवर छोटी डिस्क आणि केबलचा एक कॅलिपर लावला. डिफरन्शियलच्या रेशोइतकी ताकद वाढते, त्यामुळे छोटी डिस्कही घट्ट धरते. नोव्हेंबरपर्यंत मी यालाच सगळ्यात हुशार उपाय म्हणत होतो. डिसेंबरात चढावर मागचं एक चाक दगडावरून अधांतरी झालं आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेली गाडी मागे सरकली. डिफरन्शियल उघडा असतो, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी फिरू शकतात. पिनियन अडवला तरी हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं मोकळं होतं. जॅक लावतानाही हेच होणार. शिवाय हा ब्रेक चालत्या गाडीत ओढला तर झटका सरळ यूजे क्रॉसवर (प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यावर) जातो.

म्हणून आता दोन्ही चाकांना केबलचा वेगळा कॅलिपर, त्याच डिस्कवर, पहिल्या कॅलिपरच्या विरुद्ध बाजूला. त्यासाठी ब्रॅकेटला दुसरा कान हवा. जूनमध्ये तो त्याच प्लेटवर कापून घेतला असता तर जवळजवळ फुकट झाला असता. आता दोन्ही दांड्या परत बाहेर, सील परत नवे, कटिंग परत. नवा ब्रॅकेट काढताना दोन कानांमध्ये स्प्रिंग आणि होजला जागा ठेवा, दोन्ही केबल एका इक्वलायझरवर (दोन्हींना सारखा ताण देणाऱ्या जोडावर) घ्या. तोवर गाडी उभी केली की चारही चाकांना लाकडी गुटके लावायचे.