गावचा वणवा परदेशातून पाहताना: उपग्रह, डेहराडूनचा इशारा की घरचा फोन?

होळीच्या सुमारास गडचिरोलीच्या जंगलात पानगळ होऊन जमिनीवर पाल्याचा थर साचतो, मोह गळू लागतो आणि फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. आमच्या धानाच्या बांध्या कुरखेडा तालुक्यात जंगलाला लागून आहेत, तणसाचा ढीग आणि गोठाही तिथेच. मी मात्र स्टुटगार्टला असतो. वणव्याची खबर कशावरून घ्यावी, हे ज्यांना यंदा ठरवायचे आहे त्यांच्यासाठी तीन मार्गांचा हा आढावा.

उपग्रहांना दिसलेल्या आगी नकाशावर दाखवणारे नासाचे ‘फर्म्स’ हे संकेतस्थळ सर्वांत सोयीचे आहे. नकाशावर आपला परिसर आखून दिला की तिथे उष्ण बिंदू आढळताच ईमेल येतो, तोही विनामूल्य. उपग्रहांवरच्या मोडिस या जुन्या उपकरणाचा एक बिंदू सुमारे १ किलोमीटरचा, तर व्हीआयआयआरएस या नव्या उपकरणाचा ३७५ मीटरचा असतो, म्हणून दुसराच पाहावा. तरीही ३७५ मीटरचा चौकोन म्हणजे जवळपास ३५ एकर. त्यात आमची चार एकर शेती, नाला आणि जंगलाची कड असे सगळेच मावते. एकदा दुपारी बिंदू नेमका आमच्या शेतावर दिसला. घाबरून फोन केला, तर काका शांतपणे म्हणाले, “अरे, आपलाच धुरा जाळला ना बाप्पा!” धुरा म्हणजे शेताचा बांध. उपग्रहाला उष्णता कळते, ती कोणी आणि कशासाठी लावली हे कळत नाही.

वेळेचीही गोम आहे. व्हीआयआयआरएस असलेले उपग्रह आपल्याकडून साधारणपणे दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातात, आणि माहिती नकाशावर यायला तीन तासांपर्यंत वेळ लागतो. पाल्याची आग वाऱ्यावर झपाट्याने पुढे सरकते. दुपारी चारला लागून रात्री दहापर्यंत विझलेली आग नकाशावर कधीच न येण्याची शक्यता असते. शिवाय तिथली वेळ जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते, तीत साडेपाच तास मिळवायला विसरलो तर रात्रीची आग संध्याकाळची वाटते.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे इशारे याच उपग्रहांवर आधारलेले आहेत, त्यामुळे वेळेची मर्यादा तीच. फायदा असा की बिंदू वनहद्दीशी जुळवून पाहिलेले असतात आणि परिक्षेत्र (रेंज), नियतक्षेत्र (बीट, म्हणजे एका वनरक्षकाकडचा जंगलाचा भाग) अशा वनखात्याच्या भाषेत सांगितलेले असतात. आपल्या वनरक्षकाला अक्षांश-रेखांश सांगण्यापेक्षा नियतक्षेत्राचे नाव सांगितलेले चटकन उमजते. धुरे जाळल्याचा गोंधळही येथे बराच कमी होतो. नोंदणी मात्र गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाच्या मोबाइलवर करावी असे माझे मत आहे, कारण संदेश मिळून उपयोग त्यालाच होणार.

राहिला घरचा फोन. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे व्हिडिओ मी यात धरत नाही. परराज्यातल्या जुन्या आगीचा एक व्हिडिओ ‘आपल्या जंगलातला’ म्हणून आला आणि माझी एक रात्र वाया गेली. पण जंगलात रोज जाणारा, मोह वेचणारा किंवा तेंदूपत्ता तोडणारा एक माणूस ओळखीचा असेल, तर त्याच्याइतकी खात्रीची खबर दुसरी नाही. अडचण एवढीच की तो जंगलात असताना फोन लागत नाही, आणि लागतो तेव्हा माझे ऑफिस चालू असते.

म्हणून ज्यांचे शेत जंगलाला लागून आहे, त्यांनी ‘फर्म्स’चा ईमेल स्वतःकडे आणि डेहराडूनचा इशारा गावाकडे, अशी जोडी ठेवावी. ज्यांचे घर वर्धा-यवतमाळच्या कापूस पट्ट्यात जंगलापासून लांब आहे, त्यांनी ईमेलच्या भानगडीत पडूच नये. पराट्या (कपाशीची वाळलेली झाडे) आणि धुरे पेटवण्याच्या दिवसांत जीव उगाच टांगणीला लागतो, त्यापेक्षा फोन बरा. आमच्या घरी मात्र वनखात्याचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक दारामागे खडूने लिहून ठेवला आहे, आणि बिंदू दिसला की मी आता “आग लागली का?” असे विचारत नाही. जाळरेषेच्या, म्हणजे आग पसरू नये म्हणून आधीच जाळून साफ केलेल्या पट्ट्याच्या, अलीकडे आहे की पलीकडे, आणि वारा कोणीकडून आहे, एवढेच विचारतो.