इंदुरातील एका व्यसनमुक्ती केंद्रातील सट्ट्यावरचे उपचार : सहा महिन्यांचा अनुभव

माझे धाकटे दीर जानेवारीपासून इंदुरातील एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात जात आहेत. त्यांचे व्यसन क्रिकेटच्या सट्ट्याचे, आणि रामबागेतल्या आमच्या घरात ते उघड झाले ते सासूबाईंच्या पाटल्या गहाण पडल्यावर. दिरांची ओळख झाकलेली राहावी म्हणून केंद्राचे नाव देत नाही. असे केंद्र निवडताना काय पाहावे, एवढेच इतर कुटुंबांना सांगायचे आहे.

पहिल्या भेटीतच आमचा विश्वास बसला. समुपदेशक बाईंनी उपदेश न करता नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली पुढे ठेवली. कॅनडात तयार झालेल्या या प्रश्नावलीत २७ पैकी ८ किंवा अधिक गुण आले, तर जुगार हाताबाहेर गेला असे मानतात. दिरांना १९ मिळाले. ‘हरलेले पैसे भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळलात का?’ या प्रश्नावर ते ‘जवळजवळ नेहमीच’ म्हणाले, आणि वहिनी म्हणून मी ते प्रथमच त्यांच्या तोंडून ऐकले. तोवर आम्ही सारे त्यांच्या संगतीला दोष देत होतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर एकाच प्रकरणात घातले, हे बाईंनी सांगितले तेव्हा सासूबाईंचा राग पुष्कळ निवळला. थोडक्यात हुकलेला डाव प्रत्यक्षात हारच असला, तरी मेंदूतील जिंकण्याशी निगडित भाग त्याने जागे होतात आणि पुन्हा खेळण्याची इच्छा वाढते, असे केंब्रिजच्या संशोधकांना २००९ मध्ये आढळले होते. ‘एका चेंडूने गेले’ हे दिरांचे नेहमीचे वाक्य आम्हाला तेव्हा कळले.

फी एका भेटीला ८०० रुपये, वेळेची शिस्त उत्तम.

मात्र दोन गोष्टी मला गंभीर वाटतात. आयपीएलच्या दिवसांत, म्हणजे खाईवालाचा, सट्टा लावून घेणाऱ्याचा, फोन रोज वाजत असताना, भेटी पंधरा दिवसांनीच राहिल्या, आणि दुसऱ्याच आठवड्यात दिरांचा तोल गेला. त्या रात्री जाऊबाईंनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलून धीर मिळवला; केंद्राने त्यांच्यासाठी सहा महिन्यांत जेमतेम वीस मिनिटे काढली होती. दुसरी गोष्ट अशी, की तीन महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली आणि १७ गुण आल्यावर दीर पार खचले. ती प्रश्नावली मागील बारा महिन्यांविषयी विचारते, त्यामुळे आकडा इतक्यात फारसा उतरणार नव्हता. हे मी स्वतः वाचून त्यांना समजावले. ते काम समुपदेशकांचे होते.

उपचार आम्ही तेथेच चालू ठेवले आहेत. जाऊबाईंसाठी दरमहा स्वतंत्र भेट मिळावी, असे लेखी पत्र मागील सोमवारी दिले असून उत्तराची वाट पाहत आहोत.