रात्रीचा प्लग की वाटेतला फास्ट चार्जर?

पुण्याहून महाबळेश्वर सुमारे 120 किलोमीटर. भाड्याच्या इलेक्ट्रिक गाडीचे टक्के पसरणी घाटात भराभर उतरतात आणि पोटात गोळा येतो. (परतताना उतारावर थोडी वीज बॅटरीत परत जाते, हे तेव्हा कुणाला आठवतं!)

फास्ट चार्जर साधारण तासाभरात 80 टक्क्यांपर्यंत नेतो. पुढे वेग मंदावतो, तेव्हा तिथूनच निघावं. पण रांग असू शकते, मशीन बंदही असू शकतं.

हॉटेलचा 15 अँपिअरचा प्लग तासाला जेमतेम 3 युनिट देतो. 30 युनिटची बॅटरी भरायला अख्खी रात्र लागते. लागू दे, आपण झोपलेलेच असतो. माझं मत यालाच. फक्त खोली बुक करतानाच विचारा, पार्किंगपाशी अर्थिंगवाला प्लग आहे ना?