महिला कोट्यातून टेंडर मिळवून देतो म्हणणारे

कुपवाडला माझं चादरी आणि उशांचे अभ्रे शिवायचं छोटं युनिट आहे. बचत गटांच्या प्रदर्शनात स्टॉलवर एक गृहस्थ आले. चादर उलटी करून शिवण पाहिली, कापडाचा रेट विचारला आणि म्हणाले, "ताई, केंद्र सरकारच्या खरेदीत महिलांचा तीन टक्के कोटा आहे. तुमच्यासारख्या उत्पादक बायका मिळत नाहीत म्हणून तो वाया जातो. टेंडर काढून द्यायचं काम माझं."

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते गळी उतरतं. 2012 च्या धोरणानुसार केंद्राची मंत्रालयं आणि सरकारी कंपन्यांनी एकूण खरेदीतली किमान 25 टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची, आणि त्यातच 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. पण हे वर्षाचं उद्दिष्ट आहे. अमुक टेंडर तुमच्या नावाने राखून ठेवलंय असं त्यात काही नाही. दर भरावाच लागतो. मोठ्या कंपनीचा दर सगळ्यात कमी असेल आणि तुमचा त्याच्या 15 टक्क्यांच्या आत असेल, तर तुम्हाला त्या दराला येऊन काही माल पुरवायची संधी मिळते. ही सवलत चांगलीच आहे, पण ती मिळवून द्यायला मध्यस्थ लागत नाही.

त्या गृहस्थाने उद्यम नोंदणीचे, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे, पैसे घेतले, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरच्या नोंदणीचे घेतले, 'महिला कोटा शुल्क' घेतलं आणि शेवटी एका टेंडरची अनामत म्हणून अठरा हजार. पावतीवर तीन सिंह, निळा शिक्का, खाते क्रमांक मात्र त्याच्याच फर्मचा. उद्यम नोंदणी फुकट असते. जेमवर विक्रेता म्हणून नाव नोंदवणंही फुकट. सूक्ष्म-लघु उत्पादकांना अनामत माफ असते. कोटा शुल्क तर अस्तित्वातच नाही.

पैसे गेले ते गेले. खरी गोम पुढे होती.

माझं उद्यम प्रमाणपत्र त्याने लॅमिनेट करून दिलं होतं, मशीनच्या वर भिंतीला लावलं होतं. जीएसटीचं काम बघणारी पोरगी एकदा ते वाचत उभी राहिली. "काकू, हा मोबाईल नंबर कुणाचा?" नंबर त्याचा, ईमेलही त्याचा. आणि व्यवसायांच्या यादीत चादरींच्या खाली लाकडी फर्निचर! आमच्याकडे फर्निचर म्हणजे कापड कापायचं एक टेबल.

तशीच विश्रामबागला त्याच्या ऑफिसात गेले. तो आत फोनवर होता, टेबलाचा खण उघडा. आत डिजिटल सहीची टोकनं, पेनड्राइव्हसारखी दिसतात ती. प्रत्येकावर पांढरी पट्टी आणि स्केचपेनने बाईचं नाव. माझंही होतं. महाटेंडर्सवर राज्य सरकारची टेंडरं भरायला ही सही लागते. माझ्या नावाची सही काढताना त्याने मोबाईलसमोर बसवून मला नाव, पत्ता बोलायला लावला होता आणि टोकन "सोयीसाठी" स्वतःकडे ठेवलं होतं.

मग हिशोब लागला. या धोरणाचा फायदा उत्पादकाला मिळतो, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. हा पडला व्यापारी. त्याला हवी होती खरीखुरी उत्पादक बाई, तिचं आधार, तिचं पॅन. माझ्या नावावर तो भलतीच टेंडरं भरत होता. ऑर्डर लागली असती तर माल त्याचा, नफा त्याचा. पुरवठा बुडाला असता तर काळ्या यादीत नाव माझं. वर माझ्याकडूनच फी! या हुशारीला काय म्हणावं?

मी टोकन उचललं आणि बाहेर पडले. त्याने अडवलं नाही. चार बायका बाहेर थांबल्या होत्या.

पोलिसांत लेखी अर्ज दिला. उद्यमवरचा नंबर बदलून मिळावा म्हणून जिल्हा उद्योग केंद्रात गेले, जेमच्या मदत कक्षालाही कळवलं. पैसे अजून आलेले नाहीत. ऑनलाइन पैसे पाठवले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

खणातल्या पट्ट्यांवरची दोन नावं ओळखीची होती. दोघींना सांगितलं. एकीचं उत्तर, "घरात कळलं तर युनिटच बंद करतील." तिला एवढंच म्हटलं, घरी सांगू नकोस हवं तर, पण ज्या एजन्सीने ती सही दिली तिला कळवून आधी ती रद्द करून घे.