हवा पकडणारी बादली : एका गबाळ्या पण उपयोगी साधनाचे परीक्षण

रासायनिक कारखान्यांच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या लोकांच्या संघटनांना मदत करायची ठरली, की देणगीदार हल्ली धूलिकण मोजणारे भिंतीवरचे छोटे यंत्र पुढे करतात, कारण ते दिसायला नेटके असते आणि त्याचे आकडे मोबाइलवर दिसतात. अशा वस्तीसाठी पहिली खरेदी म्हणून मी मात्र त्याहून जुन्या आणि दिसायला अगदीच गबाळ्या साधनाची शिफारस करीन. ते साधन म्हणजे हवेचा नमुना घेणारी बादली.

कॅलिफोर्नियातील रोडिओ येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पातून १९९४ मध्ये झालेल्या गळतीनंतर एडवर्ड मॅस्री या वकिलांनी अभियंत्यांकडून हे साधन १९९५ मध्ये तयार करून घेतले. पुढे लुइझियानातील नॉर्को गावी, शेल कंपनीच्या दोन प्रकल्पांच्या मध्ये सापडलेल्या डायमंड वस्तीने ते वापरले. तेथील लढ्याच्या नेत्या मार्जी रिचर्ड यांना २००४ मध्ये पर्यावरण-कार्यासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, आणि वस्तीतील घरे विकत घेऊन रहिवाशांना इतरत्र जाता येईल अशी तडजोड कंपनीला त्याआधीच, २००२ मध्ये, मान्य करावी लागली होती.

रचना इतकी साधी आहे, की पहिल्यांदा पाहणाऱ्याचा तिच्यावर विश्वास बसत नाही. रंगाच्या दुकानात मिळते तशी झाकणाची प्लॅस्टिकची बादली, तिच्या आत टेडलार नावाच्या, वायूंशी सहसा अभिक्रिया न करणाऱ्या पातळ प्लॅस्टिक-पापुद्र्याची रिकामी पिशवी, पिशवीच्या तोंडाला झाकणातून बाहेर काढलेली नळी व झडप, आणि बादलीतील हवा ओढून घेणारा छोटा व्हॅक्यूम पंप, एवढाच हा संसार आहे. पंप सुरू केला की बादलीतील दाब कमी होतो आणि बाहेरची हवा नळीवाटे थेट पिशवीत शिरते; नमुन्याची हवा पंपातून जातच नसल्यामुळे पंपाच्या तेलाची किंवा धुळीची भेसळ तिच्यात होत नाही. दोन-तीन मिनिटांत पिशवी भरते, मग झडप बंद करायची आणि पिशवी तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवायची. आम्ही जुळवलेल्या बादलीची पिशवी सुरुवातीला फुगतच नव्हती, कारण झाकण हवाबंद बसत नव्हते. वस्तीतील एका ताईंनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून झाकणाच्या कडेला बसवली, तेव्हा ते काम मार्गी लागले. सांगायचे हे, की हे साधन बिघडले तर वस्तीतच दुरुस्त होते, जे त्या भिंतीवरच्या यंत्राबद्दल म्हणता येत नाही.

मात्र साधनाची निवड प्रदूषण पाहूनच करायला हवी. मुंबईतील माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे चालवलेल्या ज्या प्रकरणाचा निकाल डिसेंबर २०१५ मध्ये लागला, त्यातील मुख्य तक्रार धुळीची नव्हती, तर रसायनांच्या साठवण टाक्यांमधून व परिसरातील उद्योगांमधून सुटणाऱ्या बाष्पशील सेंद्रिय संयुगांची, म्हणजे सहज वाफ होऊन हवेत मिसळणाऱ्या रसायनांची, होती. अशा ठिकाणी धूलिकणांचे यंत्र दिवसभर हिरवा आकडा दाखवीत राहू शकते आणि लोकांचे डोळे मात्र चुरचुरत असतात. उलट कचराभूमीचा धूर हा त्रास असेल तर बादलीवर पैसे घालवू नयेत; तेथे धूलिकणांचे यंत्रच योग्य.

बादलीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ती फक्त त्या दोन-तीन मिनिटांची हवा पकडते, त्यामुळे तिच्यातून निघालेला बेंझिन या विषारी रसायनाचा आकडा २००९ च्या राष्ट्रीय मानकाशी, म्हणजे घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम या वार्षिक सरासरीशी, थेट ताडून पाहता येत नाही, आणि तसा दावा केलाच तर कंपनीचा वकील तो पहिल्याच सुनावणीत खोडून काढील. म्हणून बादलीबरोबर वासाची वही हवीच : तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वास कशासारखा आणि त्रास कोणाला झाला. कुजलेल्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइड या गंधकयुक्त वायूकडे बोट दाखवतो, नेलपॉलिशसारखा वास द्रावकांकडे, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या रसायनांकडे, आणि प्रयोगशाळेत काय शोधायला सांगायचे हे त्यावरून ठरते. तमिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीभोवतालच्या गावकऱ्यांनी अशाच नोंदींना बादलीच्या नमुन्यांची जोड दिली. २००४ मध्ये त्यांच्या नमुन्यांत २२ विषारी रसायने आढळली. तपासणीसाठी ते नमुने थेट कॅलिफोर्नियाला पाठवावे लागले होते.

खरी अडचण तेथेच आहे. पिशवी उन्हापासून जपून, शक्यतो दोन-तीन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते, आणि गंधकाच्या संयुगांना तर तेवढीही सवड नसते. आम्ही गाठलेल्या एका प्रयोगशाळेने नमुना आपल्या माणसाने घेतलेला नाही, एवढ्याच कारणावरून पिशवी परत केली. तोवर नमुना घेतला त्या रात्रीचा वास कधीच विरला होता. पिशवी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची सहीनिशी नोंद तयार असूनही काही उपयोग झाला नाही. म्हणून बादली घेण्याआधी नमुना स्वीकारील अशी प्रयोगशाळा लेखी कबूल करून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन.

खर्चाचा हिशेबही देणगीदारांना वाटतो त्याच्या उलटा आहे. बादली काही हजारांत तयार होते, तर एकेका नमुन्याच्या तपासणीला त्याहून जास्त पैसे मोजावे लागतात. शिवाय वास बहुधा रात्री येतो, तेव्हा पंप चार्ज केलेला असणारे आणि दार ठोठावल्यावर उठणारे कोणीतरी वस्तीत असावे लागते, आणि त्या व्यक्तीला मानधन देणे ही चैन नव्हे. हे सारे जमेस धरता साधनाला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण तपासणीच्या भानगडीपायी कापला आहे. मदत करणाऱ्यांनी एका बादलीमागे निदान सहा नमुन्यांच्या तपासणीचे शुल्क, कुरिअरचा खर्च आणि वर्षभराचे मानधन एकत्रच द्यावे, आणि नमुना कधी घ्यायचा व अहवाल कोणाला दाखवायचा हे ठरवण्याचा अधिकार वस्तीच्या संघटनेकडेच राहील, असे देणगीच्या कागदावर लिहून द्यावे.