पडद्यांना तळणाचा वास : नूतनीकरण झालेल्या संकुलातील 11 महिने

गेल्या महिन्यात एका ग्राहक बाईंनी दोनच दिवसांपूर्वी नेलेली चादर परत आणली. रंग उतरला नव्हता, शिलाई उसवली नव्हती, मापातही चूक नव्हती. चादरीला तळणाचा वास येतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि घडी उलगडून नाक लावल्यावर मला ते नाकारता आले नाही. मी पैसे परत केले, चादर आतल्या कपाटात टाकली आणि त्याच रात्री हा अनुभव लिहायला घेतला.

मी चार मजली व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर पडदे आणि चादरींचे दुकान चालवते. संकुलाचे नूतनीकरण संपून 11 महिने झाले. नवे छत, नवे दिवे, काचेची लिफ्ट, वाहनतळावरच्या रेघा वगैरे अशा प्रत्येक नूतनीकरणात असतेच, त्यामुळे त्याचे वर्णन करत बसत नाही. दिवे उत्तम आहेत. कापडाचा खरा रंग दुकानातच दिसतो आणि बाहेर उजेडात नेऊन पाहण्याचा ग्राहकांचा हट्ट जवळपास संपला आहे. स्वच्छतागृहे सुधारली. लिफ्ट दोनदा बंद पडली, पण जुनी आठवड्यातून दोनदा पडत असे.

मुख्य बदल तळमजल्यावर झाला. तिथले मोठे कपड्यांचे दालन बंद पडल्यावर ती जागा कित्येक महिने अंधारात होती, आणि तिच्यामुळे वरच्या तिन्ही मजल्यांवरची वर्दळ ओसरली होती. व्यवस्थापनाने त्या जागेचे 14 लहान गाळे पाडून ते सगळे खाद्यविक्रेत्यांना दिले. गाळेधारकांच्या सभेत मी या निर्णयाला विरोध केला होता. चार-पाच विक्रेते पुरेत, उरलेली जागा एखाद्या मोठ्या दुकानाला द्या, असे माझे म्हणणे होते. त्यावर व्यवस्थापनाच्या सल्लागारांनी अमेरिकेतील एकाच कंपनीच्या दोन संकुलांचे उदाहरण दिले. 1971 मध्ये प्लिमथ मीटिंग मॉलमध्ये केलेला खाद्यदालनाचा प्रयोग फसला, कारण तो फार लहान होता आणि त्यात पुरेशी विविधता नव्हती. 1974 मध्ये पॅरामस पार्क येथे तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला आणि तो चालला. चौघांच्या गटात चौघांचे मत चार दिशांना गेले तर गट निघून जातो, आणि चौदा पर्याय असले तर तो बसतो, हे त्यांचे तर्कशास्त्र तेव्हा मला विक्रेत्याच्या गोड बोलण्यासारखे वाटले. आज मान्य करते की ते बरोबर होते.

हे मान्य करण्याचे कारण माझ्या गल्ल्यातच आहे. पूर्वी एक बिलबुक मला दहा-बारा दिवस पुरत असे, आता ते सहा-सात दिवसांत संपते. पडदे माणूस कित्येक वर्षांतून एकदा घेतो, भूक मात्र रोज लागते. रोज येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवरून माझी पाटी रोज जाते आणि कधीतरी त्याच्या घरातला पडदा फाटतोच. शिवाय घरबसल्या मागवता येणाऱ्या वस्तूंशी माझी स्पर्धा आहे. चार जणांनी एकत्र बसून जेवण्याला मात्र तसा पर्याय नाही. पहिल्या महिन्यांचे भाडे माफ, त्यानंतर कमी मूळ भाडे अधिक विक्रीतील टक्केवारी, अशा सवलती देऊन या विक्रेत्यांना आणले गेले, तेव्हा मला पोटशूळ उठला होता, कारण चौदा वर्षांत माझे भाडे एका महिन्यानेही कोणी माफ केलेले नाही. गिऱ्हाईक जिन्याने वर येऊ लागल्यावर तो पोटशूळ बराचसा शमला.

आता वासाकडे येते.

सल्लागारांनी खाद्यदालन तळमजल्यावर ठेवण्यासाठी कारंज्याचा दाखला दिला होता. जपानमधील मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात खाद्यपदार्थांचे विभाग असतात आणि खाली आलेली गर्दी कारंज्यासारखी वरच्या मजल्यांवर चढते, असे तिथले व्यापारी मानतात. पण त्याच दुकानांत उपाहारगृहे बहुधा सर्वांत वरच्या मजल्यांवर असतात आणि तिथली गर्दी पावसासारखी खाली उतरते, असेही तेच व्यापारी मानतात; हा दुसरा अर्धा भाग आमच्या सभेत कोणी सांगितला नाही. भट्ट्या आणि कढया वर असत्या तर धुराड्याला छत दोन हातांवर मिळाले असते. आमच्याकडे त्या खाली आहेत आणि त्यांच्या डोक्यावर चारही मजल्यांना जोडणारा मधला मोकळा चौक आहे. गरम हवा वर चढते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तो चौक म्हणजे एक भली मोठी चिमणी झाला आहे आणि माझे दुकान त्या चिमणीच्या काठावर आहे.

तळणाच्या धुरात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात आणि ते जिथे थंड पृष्ठभाग मिळेल तिथे बसतात. काच पुसता येते, फरशी धुता येते, पण टांगलेला पडदा रोज धुता येत नाही. त्यातही सुती कापडातले तेल एका धुण्यात बरेचसे सुटते. पॉलिस्टर तेल धरून ठेवतो आणि त्याचा वास चिवटपणे टिकतो. माझ्या दुकानातील निम्म्याहून अधिक पडदे पॉलिस्टरचे आहेत. मी नमुन्याचे पडदे चौकाकडच्या भिंतीवरून आतल्या भिंतीवर नेले, चादरींच्या थप्प्यांवर प्लास्टिक घातले आणि लगेच काढले, कारण हात लावल्याशिवाय चादर कोणी घेत नाही. अत्तराची फवारणी करून पाहिली, तर तळण आणि गुलाब एकत्र आल्यावर जे होते ते मूळ दुखण्यापेक्षा वाईट होते.

तिसऱ्या महिन्यापासून मी एक वही ठेवली. तारीख, वेळ, वास किती तीव्र आणि त्या वेळी खाली कोणाची कढई चालू होती, एवढेच त्यात लिहीत गेले. व्यवस्थापनाच्या कार्यालयात ती वही घेऊन मी नऊ वेळा गेले. पहिल्यांदा मला खिडक्या उघडा असे सुचवण्यात आले. माझ्या गाळ्याला खिडकीच नाही. नंतर, इतर कोणाची तक्रार नाही, असे सांगण्यात आले. शेजारी भांड्यांचे दुकान आणि पलीकडे चष्म्यांचे, त्यांची तक्रार कशी असेल? सातव्या महिन्यात अखेर ज्या चार गाळ्यांत सर्वांत जास्त तळण होते तिथे दुप्पट ताकदीचे पंखे बसवले गेले आणि मी वहीत मोठ्या अक्षरांत ‘प्रश्न सुटला’ असे लिहिले.

प्रश्न सुटला नव्हता. आठवड्याभरात वास वाढला. चादर परत आली ती त्यानंतर. या सगळ्याचा दोष मी मनोमन तळमजल्यावरच्या कोपऱ्यातील तळणवाल्या गृहस्थांना दिला होता. हे लोक जाळ्या धूत नसणार, जुनेच तेल उकळत असणार, असा माझा ठाम निष्कर्ष होता, आणि पहिल्या मसुद्यात मी ते तसेच लिहिलेही होते.

तो मसुदा लिहून मी तीन आठवडे बाजूला ठेवला, हे बरे झाले, कारण दरम्यान मला मत बदलावे लागले. आणखी एका, म्हणजे दहाव्या, फेरीनंतर व्यवस्थापनाने बाहेरचा एक तंत्रज्ञ बोलावला. त्याने खिशातून साधा टिश्यूपेपर काढला आणि प्रत्येक गाळ्याच्या तोंडाशी धरला. तळणवाल्यांच्या गाळ्यापाशी कागद आत ओढला गेला, म्हणजे तिथली हवा आत जात होती आणि धूर पंख्यातून बाहेर पडत होता. शेजारच्या दोन लहान गाळ्यांपाशी मात्र कागद बाहेर, चौकाकडे झुकला. मग त्याने मला संकुलाचे मुख्य दार उघडायला सांगितले. ते दार काही महिन्यांपासून जड झाले होते, फटीतून शीळही घालत होते, आणि आम्ही सगळे बिजागऱ्यांना तेल द्या असे सांगत होतो. दोष बिजागऱ्यांत नव्हताच.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. पंखे जितकी हवा बाहेर फेकतात तितकी हवा कुठून तरी आत यावीच लागते. नूतनीकरणात बाहेर फेकण्याची सोय चौदा वेळा केली, आत आणण्याची एकदाही नाही. त्यामुळे इमारत सतत श्वास ओढत होती : मुख्य दारातून, स्वच्छतागृहांच्या कोरड्या पडलेल्या मोऱ्यांतून (तिथे अधूनमधून येणाऱ्या गटाराच्या वासाचे कोडेही असे सुटले), आणि शेवटी ज्यांचे पंखे दुबळे होते त्या गाळ्यांच्या धुराड्यांतून उलट दिशेने. चार मोठे पंखे बसवल्यावर त्यांनी शेजारच्यांची हवा पळवली आणि शेजाऱ्यांच्या धुराड्यातील तेलकट हवा चौकात उतरू लागली. माझ्या तक्रारीवरून केलेल्या उपायाने माझा त्रास वाढवला होता.

मी त्या दिवशी प्रथमच तळणवाल्यांच्या गाळ्यात पाऊल ठेवले. जाळ्या लख्ख होत्या. ते रोज रात्री त्या गरम पाण्यात भिजवून धुतात. सात-आठ महिने मी त्यांच्या नमस्काराला मान हलवण्यापलीकडे उत्तर दिले नव्हते. त्यांनी ते लक्षात घेतले होते की नाही, हे त्यांनी दाखवले नाही.

आता मागच्या भिंतीतून बाहेरची गाळलेली हवा आत आणणारे यंत्र बसले आहे. जितकी हवा फेकली जाते तिच्या साधारण 80 टक्के हवा ते थेट स्वयंपाकाच्या जागेत सोडते आणि उरलेली दालनातून ओढली जाते, म्हणजे वास स्वयंपाकाच्या जागेतच राहतो. यंत्र चालू होऊन सोळा दिवस झाले. वहीत या सोळा दिवसांत दोन नोंदी आहेत, दोन्ही किरकोळ. मधल्या काळात खाली तेलसापळा (सांडपाण्यातील तेल अडवणारी टाकी) तुंबून दीड दिवस सगळे गाळे बंद राहिले, कारण त्याचा चतुर्थांश भाग तेलाने आणि गाळाने भरला की उपसायचा असतो, हे कोणाच्याच वेळापत्रकात नव्हते. पण ते पाणी माझ्या मजल्यावर चढत नाही, म्हणून त्यावर मी अधिक लिहिणार नाही.

हवेचा हिशेब लागला असला तरी पैशांचा लागलेला नाही. नव्या यंत्राचे वीजबिल देखभाल खर्चात धरले गेले आहे आणि आमच्या संकुलात देखभाल खर्च गाळ्याच्या क्षेत्रफळावर आकारला जातो. चादरी पसरून दाखवाव्या लागतात, म्हणून माझा गाळा मोठा आहे; खालचे गाळे त्याच्या चौथाईने आहेत. पाणी, कचरा, सांडपाणी आणि आता हवा, यांचा सर्वांत जास्त वापर जिथे आहे तिथे सर्वांत कमी आकारणी आणि जिथे दिवसभरात एक बादली पाणी लागते तिथे सर्वांत जास्त, असा हा न्याय आहे. प्रत्येक गाळ्याचा पंखा किती हवा फेकतो हे पंख्यावरच्या पाटीवर लिहिलेले असते. त्या प्रमाणात यंत्राचे बिल वाटून घेणे हे बेरीज-वजाबाकीचे काम आहे. मी तसा तक्ता स्वतः करून दिला. तळणवाल्या गृहस्थांनी, ज्यांचा वाटा त्यात सर्वांत मोठा होतो, त्यावर सही केली. व्यवस्थापनाने ‘विचाराधीन’ असा शिक्का मारला.

ज्यांच्या संकुलात असे काम निघणार आहे त्यांनी सभेत छताचे आणि फरशीचे नमुने खुशाल पाहावेत, पण हवा किती बाहेर जाणार आणि किती आत येणार, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून मागावेत. आणि मुख्य दार एका हाताने किती सहज उघडते, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे. आमचे आता एका बोटाने उघडते.

पाच तारे द्यायचे असतील तर गर्दीसाठी मी साडेचार देईन, व्यवस्थापनासाठी दोन. परत आलेली चादर तीन धुण्यांनंतर माझ्याच घरी वापरात आहे. ती सुती होती म्हणून निभावले. भाडेकरार संपायला चार महिने आहेत. देखभाल खर्चाचे कलम बदलले नाही तर नव्या करारात मी पुढचा अर्धा गाळा सोडून देणार आहे, आणि चौकाकडची ती भिंत ज्याला हवी त्याने घ्यावी.